उष्टी चाल

आमचे हे तसे गरीब स्वभावाचे. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये फिटर. ड्यूटीवरून आले का चहा पितात, भिंतीले टेकतात न पेटी पुढे ओढतात. कॉलनीतल्या भीमगीत मंडळाच्या गाण्याइले चाली लावणं हे ह्याइचं काम. पण एका भीमजयंतीले ह्याइचं डोकं असं फिरलं ना बाप्पा, का साल उलटलं तरी ठिकाणावर आलं नाई.

झालं असं. मंडळाचे मुख्य बाबनराव. आवाज पहाडी, न माणूस भलताच हुशार. शहरात सदर भागातल्या एका कॅसेटवाल्यानं त्याइले सांगून ठेवलं होतं, का फिल्मी चालीवर गाणं असन तरच कॅसेट काढतो. तवापासून बाबनराव सिनेमाची कॅसेट आणत, न हे त्यातले शब्द काढून आपले शब्द भरत. शाळेत पोट्टे गाळलेल्या जागा भरतात, तसं. त्या जयंतीले चवदार तळ्याचं गाणं होतं. बायाबापड्या पदर सावरून ऐकून राह्यल्या होत्या. बाबासाहेबानं पाण्याची ओंजळ भरली, ही ओळ आली न मागच्या पोट्ट्याइनं अशा शिट्ट्या मारल्या का विचारू नका. काहून? त सिनेमात त्याच जागी हिरोईन डोळा मारते.

ह्याइचा हात पेटीवरच थांबला. घरी आले न जेवलेच नाई.

"आपल्या लोकाइनं उष्टं खाणं सोडलं वं पंचफुला," म्हणे. "न गाणं मात्र उष्टंच गाऊन राह्यलो."

मी ह्याइचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या साली जयंती जवळ आली, तवा ह्याइनं भर मंडळात सांगून टाकलं, "औंदाची चाल माही. कोणाची उसनी निंगाली त मी मंडळ सोडतो."

बाबनराव हासले. "अगा गिरिधर, पब्लिकले वळखीचं लागते. नवी चाल ऐकली का पब्लिक उठून फल्लीदाणे घ्याले जाते." तरी मोहलत देली. तालमीच्या दिवसापर्यंत चाल आण, नाई त माह्याजवळची सिनेमाची कॅसेट आहेच, म्हणे.

मंडळ म्हणजे ह्याइचा जीव. आमच्या लग्नाच्या आधीपासून हे त्यात. ते सुटलं त हा माणूस बसल्या जागी सुकून जाईन, हे मले दिसत होतं. म्हणून उसनी चाल कानावर पडाले नको, असं ठरवून मी घरातला रेडिओ बंद केला. शेजारचा रेडिओ मोठ्यानं लागला का भिंतीवरून तोंड काढून भांडत होती. कॉलनीत लोक म्हणाले लागले, गिरिधरची बायको येडी झाली.

मग एक दिवस ह्याइनं मले हाक मारली. मी तांदूळ निवडून राह्यली होती. "बस इथं," म्हणे, न पेटी वाजवून चाल म्हणून दाखवली. चेहरा असा फुलला होता, का लग्नातबी इतका फुलला नसन. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीले मी चाल वळखली. माह्या भावाच्या लग्नात बँडवाल्यानं हेच वाजवलं होतं. सिनेमातलं. दोनदा वाजवलं होतं, न दोन्ही वेळा माहा मामा नाचला होता.

"कशी आहे?" ह्याइनं इचारलं.

काय सांगू? छान आहे म्हटलं असतं त तालमीत हसू झालं असतं. नाई त थेट जयंतीत. अन् खरं सांगावं त समोर हा चेहरा.

"अजी, हे सिनेमातलं आहे," मी म्हटलं.

"तुले काय समजते त्यातलं?"

मले राग आला. मी सिनेमाचे शब्दच घेऊन ते गाणं पूर्ण म्हणून दाखवलं. हे पेटीवर माह्या मागं आले. शेवटपर्यंत कोठी अडलं नाई. मग ह्याइनं भाता बंद केला.

"माह्या पोटातून निंगालं होतं वं हे," म्हणे. "कसम."

"पोटातूनच निंगालं असन. टपरीवर रेडिओ, लग्नात बँड, गणपतीत लाऊडस्पीकर. तुमच्या पोटात दुसरं काही जाऊ कोण देते?"

तवापासून आमच्या घरी हेच. हे आंघोळीच्या आधी गुणगुणत येत, मी चुलीपासून सांगो, "रेडिओवरचं." जेवताना गुणगुणत. "बँडवाल्याचं." एक चाल लय गोड होती. मी दिवसभर आठवत राह्यली न मग सापडली. आमच्याच मंडळाची, मागच्या सालची! त्या दिवशी ह्याइनं भरलं ताट बाजूले सारलं. "तू माहीवाली बायको आहेस का दुश्मन?" म्हणे. मी मागच्या दारी जाऊन रडली. पण खोटं बोलली नाई.

तालमीचा दिवस आला. टळटळीत दुपार. मी अंगणात भांडे घासून राह्यली होती. हे ड्यूटीवरून आले, हातावरचं ग्रीसबी धुतलं नाई, तसेच उभे राहून गुणगुणाले लागले. वाकडीच चाल. चढाच्या जागी खाली येई, न उतराच्या जागी अडून राही. बाबासाहेबाच्या नावावर त अशी थांबे, का पुढं काय येते ते मले समजेचना. मी सिनेमाचं नाव घ्याले तोंड उघडलं. नावच आलं नाई.

"परत म्हणा."

परत म्हटलं. मी डोळे मिटून ऐकलं. आणखी एकदा म्हणाले लावलं.

"आता बोल ना वं," हे म्हणे. "कोणाचं आहे?"

"मले नाई माहीत."

"नीट आठव."

"आठवलं जी. रेडिओवर नाई, बँडात नाई, माह्या मायच्या गाण्यातबी नाई. मी हे कोठीच ऐकलं नाई."

हे जवळ आले. "आज तालीम आहे म्हणून त नाई बोलून राह्यली? माह्या मनासाठी?"

मी हातातला भात शिजवाचा गंज धाडकन आपटला. "मनासाठीच बोलाचं असतं त त्या पहिल्या दिवशी नसती का बोलली? तुमचा तो हासरा चेहरा पाहूनबी खरं सांगतलं मी! तवा जीव तुटला माहा. अन् आज खोटं बोलीन?"

ह्याइचे डोळे भरून आले.

"पब्लिकले नाई आवडन ही," मग म्हणे.

"नसन आवडत."

ह्याइनं मान हलवली, न तशाच काळ्या हातानं तालमीले गेले. अन् मी त्या भांड्याइच्या मधात बसून पोटभर रडली.