एका मुलीचा तपासणी अहवाल

मला प्रवेश मिळाला. ही बातमी तुम्ही ऐकलेली नाही. मीसुद्धा नाही. आम्ही अजून हमखास सरांच्या काचेच्या केबिनमध्ये बसलो आहोत आणि ते माझ्या आयुष्यात दाखवण्यासारखं काहीतरी शोधताहेत.

हमखास हे त्यांचं नाव नव्हे, पाटीवरचा शब्द. हजारांतले चाळीस घेणाऱ्या विद्यापीठात मुलं पोचवणं हा त्यांचा धंदा.

"व्हायोलिन?"

"नाही."

"समाजसेवा? पोहणं? निदान एखादा आजार?"

"सर्दी होते हो तिला," आई म्हणाली. काहीतरी द्यावं असं तिला फार वाटत होतं.

"एकदा लिफ्टमध्ये अडकले होते," मी म्हणाले. "पाऊण तास."

"ते लिहू नका."

बाबांचं लक्षच नव्हतं. ते सत्तावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करताहेत आणि बाहेर एक लिफ्ट चालू होती.

"तुमचं या मजल्याचं दार खालून घासतंय," ते म्हणाले.

निघताना त्यांनी खिशातला पाना काढून ते नीट केलं. मग एकटेच तीनदा वर-खाली जाऊन आले आणि मगच आम्हाला आत घेतलं. कुठलीही लिफ्ट ते आधी स्वतःला आत घालून तपासतात. सत्तावीस वर्षांत एकही पडलेली नाही. न पडलेल्या लिफ्टची बातमी होत नाही, त्यामुळे बाबांचं नाव कुठेच छापून आलेलं नाही.

अर्जाचं शेवटचं पान पालकांसाठी होतं. पाल्याविषयी लिहा. सरांनी तयार नमुना पाठवला. त्यात 'जन्मजात नेतृत्व' तीनदा होतं.

बाबांनी तो वाचला. "ही कोण?"

"आपलीच," आई म्हणाली.

"मला नाही भेटली."

रविवारी दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसले आणि कंपनीचा छापील तपासणी अहवाल भरू लागले.

"अहो, पोरगी आहे ती, यंत्र नाही!"

"या कागदावर मला खोटं लिहिता येत नाही," बाबा म्हणाले. "दुसऱ्या कागदाचं सांगता येत नाही."

मी तो तसाच पाठवला. हमखास सरांनी फोनवर एवढंच विचारलं, "माझं नाव कुठे टाकलं नाही ना?"

अहवालातली एक गोष्ट मला पाच वर्षं माहीत नव्हती. तो असा :

उपकरण : मुलगी. वय सतरा.

आवाज : सतत. सवय होते.

दोष : चुकलेलं गणित सुटेपर्यंत जेवत नाही. आईने दुरुस्तीचा प्रयत्न केला. यश नाही.

संकटकाळी : बाराव्या वर्षी चार मोठ्या माणसांसह लिफ्टमध्ये अडकली. मी वर मोटरपाशी होतो. आत कोण आहे ते कळल्यावर माझे हात कापू लागले. तेवढ्यात खालून पाच जणांचं हसणं ऐकू आलं. ही विनोद सांगत होती. हात थांबले. काम झालं.

शेरा : पूर्ण भार पेलण्यास योग्य. स्वतः तपासले आहे.

मागणी : सदर मुलगी चार वर्षांनी, कोणताही भाग न बदलता, याच आवाजासह, घरच्या पत्त्यावर परत पोचती करावी, ही विनंती.