अभिषेकाचे पांढरे जोडे

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या लॉनवर त्या संध्याकाळी लग्न नव्हतं, तरी गाडी लावायला जागा नव्हती. मांडव लग्नाचाच, फक्त नवरानवरीच्या सोफ्यावर प्रार्थनेनं रोग बरे करणारे ब्रदर सौरव बसले होते. अंगात कोट, कानाला माइक आणि तोंडात तीन भाषांची खिचडी.

"आपला प्रॉब्लेम पाय आहे. एक पाय छोटा, म्हणून ब्लेसिंग लंगडत येऊन राहिली. आज प्रभू लेव्हल करून टाकणार. बोला हालेलुया."

लोक बोलले. लोकांचं काय, बोला म्हटलं की बोलतात.

वंदना मागच्या रांगेत दात आवळून बसली होती. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि दर गुरुवारी चर्चमध्ये बायबलचा अभ्यासवर्ग घ्यायची. पूर्वी वर्गाला बाकं पुरत नसत. ब्रदर नागपुरात आल्यापासून समोर उरल्या दोन म्हाताऱ्या, त्यातली एक झोपायची. देव कोण, कसा, आपल्याकडून काय मागतो, हे जाणून घ्यायला कुणाला सवड नव्हती. देव आज काय करून दाखवतो, एवढंच सगळ्यांना बघायचं होतं. आणि आज स्टेजवर खुद्द तिची सासू चढली होती.

सुभद्राबाईंची शुगर जुनी आणि पायाच्या अंगठ्याला न भरणारी जखम. सेवकांनी त्यांच्या चपला काढून पट्टीसकट पाय पांढऱ्या कॅनव्हासच्या ढगळ जोड्यांत घातले. हे 'अभिषेकाचे जोडे', ते स्टेजवरच मिळायचे. ब्रदरनी दोन्ही टाचा हातात धरून पाय कॅमेऱ्याकडे वळवले. मोठ्या पडद्यावर स्वच्छ दिसलं, डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड. ब्रदरनी डोळे मिटले, "ग्रो, ग्रो" म्हणाले आणि बघता बघता दोन्ही तळवे बरोबरीला आले. लॉन दणाणला.

"रोग गेला, माताजी. आता घरी जाऊन सुई फेकून द्या. सुई म्हणजे अविश्वास."

सुभद्राबाईंनी त्याच रात्री इन्सुलिन केराच्या डब्यात टाकलं.

पुढं काय होणार हे कुणालाही सांगता आलं असतं. अंगठा काळवंडला, अंगात ताप भरला. डॉक्टरांनी घरी येऊन बघितलं आणि सरळ सांगितलं, लवकर भरती करा, नाहीतर पाय कापावा लागेल. वंदनाच्या नवऱ्यानं, अश्विननं, आईचे पाय धरले. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

वंदनानं समजावलं, रागावली, शेवटी रडली. तेव्हा सुभद्राबाई म्हणाल्या, "जलमभर चर्चात मागं बसली मी. पयल्यांदा देव मले शिवला वं. तू काहून हिसकून राहिली?"

चिडचिड करत वंदना गुरुवारच्या वर्गाला निघून गेली. चर्चच्या दारात नेहमीसारख्या चपला काढताना ती तशीच थांबली. इथं सगळे अनवाणी आत जातात. बायबलातल्या मोशेलासुद्धा देवानं पवित्र भूमीवर जोडे काढायला लावले. मग हा बाबा स्टेजवर येणाऱ्याला जोडे घालतो कशाला? तेही सैल, आणि सगळ्यांना तेच?

वर्ग तसाच सोडून ती घरी आली. सासूजवळ कौशल्याबाई प्रार्थनेला बसल्या होत्या. ब्रदरच्या पहिल्या भक्त त्याच. वंदनानं अश्विनला खुर्चीत बसवून त्याचे ढगळ कॅनव्हासचे जोडे घातले. दोन्ही टाचा धरल्या आणि उजवा जोडा टाचेवरून हळूच पुढं ओढला. उजवा पाय लांब दिसला, डावा आखूड. मग तोच जोडा हळूहळू मागं दाबला. तळवे बरोबरीला आले.

"बाप्पा," कौशल्याबाई म्हणाल्या, "वरदान उतरलं वं तुह्यावर."

वंदनानं कपाळावर हात मारून घेतला.

"वरदान नाही, कौशल्याबाई. डावा पाय वाढलाच नाही, उजवा जोडा मागं गेला. हे पाहा, जोडा ओढला, पाय लांब. दाबला, आखूड. पुन्हा ओढला, लांब. देव काय माझ्या नवऱ्याचा पाय रबरासारखा ओढून राहिला का?"

"सैतानबी नक्कल करते," कौशल्याबाई म्हणाल्या.

आता हिच्यापुढं काय डोकं फोडायचं! वंदनानं तिचा नाद सोडला आणि सासूला उठवून बसवलं. "आई, माझं ऐकू नका. तुमच्या हातानं करून पाहा."

सुभद्राबाईंनी लेकाची टाच हातात घेतली. जोडा ओढला, दाबला. पुन्हा ओढला, दाबला. मग पाय खाली ठेवला.

"मंग तो देव नव्हता?"

"नव्हता, आई."

"मंग देव कोठी होता वं?"

वंदना थकली होती. "एका संध्याकाळी सांगता येईल असं नाही ते. ज्यानं डोकं दिलं तो डोकं गहाण टाकायला सांगणार नाही, एवढं मला ठाऊक आहे. त्याला ओळखायला वर्षं जातात. त्यासाठी तुम्ही जिवंत तर पाहिजे ना."

सुभद्राबाईंनी आपल्या अंगठ्यावरची पट्टी सोडून पाहिली. मग म्हणाल्या, "अश्विन, गाडी काढ गा."

अंगठा गेला, पाय वाचला. कौशल्याबाई दवाखान्यात भेटायला आल्या आणि खाटेपाशी बसून हळहळल्या, "विश्वास कमी पडला तुमचा."

"विश्वास लय होता," सुभद्राबाई म्हणाल्या. "विचारलं नाई मी. थे माहं चुकलं."

लॉन अजूनही भरतो आणि वंदनाचा जीव अजूनही जळतो. देव मानणारे असाल, नसाल, तो तुमचा प्रश्न. पण त्याच्या नावानं कुणी औषध बंद करायला लावलं, तर आधी डॉक्टरांना विचारा, मग त्या माणसाला कारण विचारा, आणि कारण पटेपर्यंत विचारत राहा. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतात ते ब्रदर.