ठिपकीचं भरलेलं पोट

कळप राखणाऱ्या इंगाला थंडीचं भय कधीच वाटलं नाही. रेनडिअरला थंडी काय करणार? केस आतून पोकळ, अंगातली ऊब बाहेर पडतच नाही. पाठीवरचा बर्फदेखील वितळत नाही. हिवाळ्यात खुरांच्या कडा टणक होतात. नाकानं वास काढायचा, बर्फ उकरायचा आणि तळाचं शेवाळासारखं दगडफूल खायचं. पण यंदा ऐन जानेवारीत मेला पाऊस पडला, लगेच गोठला आणि दगडफुलावर काचेसारखा थर बसला. खुरं रक्ताळली तरी तो फुटेना.

कळपाची पुढारीण ठिपकी गाभण होती. वसंतात समुद्राकडे जायची वाट तिच्याच डोक्यात. ती गेली तर कळपाचं काही खरं नव्हतं.

"झाडांवर लोंबतं ते दगडफूल आण," नीलासमामा म्हणाला. "ओंजळ ओंजळ घाल. गंजीतल्या वाळल्या गवताला हात लावू नकोस."

"दिवसभर झाडं तोडून एक पोतं भरतं, मामा! तोवर ही मरायची."

"उपाशी पोटाला गवत पचत नाही. आईनं एवढंही शिकवलं नाही वाटतं?"

हे इंगाला झोंबलं. संध्याकाळी तिनं कोटात गवत कोंबलं आणि एकट्या ठिपकीला नेऊन घातलं. ठिपकी हावरटासारखी खात राहिली. इंगाचा जीव भांड्यात पडला. मग ती रोजच गवत नेऊ लागली.

एका सकाळी ठिपकी पाय दुमडून बसलेली दिसली. पाठीवर बर्फ. सगळ्यांच्याच पाठीवर होता, म्हणून इंगाला काही वाटलं नाही. जवळ जाऊन तिनं नाकाला हात लावला, तर ते गार पडलेलं.

मामानं सुरीनं पोट फाडलं. आत गवत, खाल्लेलं जसंच्या तसं. त्यानं सुरी बर्फात पुसली.

"पोट भरलंय गं," तो म्हणाला. "उपाशीच मेली."

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. इंगा तिथंच बसून ढसाढसा रडली. ठिपकीचं गेल्या वर्षीचं पाडस येऊन तिचा कोट हुंगू लागलं. ती दचकून उठली आणि कोटातली काडी न् काडी तिनं शेकोटीत झटकली.

"या पाडसानं समुद्राकडची वाट एकदा पाहिलीय," मामा म्हणाला. "जगव त्याला."

इंगानं कुऱ्हाड उचलली आणि झाडांकडे निघाली. पाडस तिच्या मागोमाग चालू लागलं. आईच्या मागं चालायची सवय होती त्याला.