मागची खोली मला हवी आहे

मी दोन्ही मुलांना एकच निरोप धाडला. रविवारी या, मागच्या खोलीतला आपापला पसारा घेऊन जा, संध्याकाळी जे उरेल ते भंगारवाल्याचं. लगेच मोठीचा फोन.

"आई, बरी आहेस ना?"

"धडधाकट आहे. म्हणून तर बोलावतेय."

हे गेले तेव्हा त्यांचे कपडे, चपला, चष्मे मी महिन्याभरात वाटून मोकळी झाले. गेलेल्या माणसाचं आवरता येतं हो. जिवंत माणसांचं काय करायचं? मोठी लॅबमध्ये रक्त तपासते, धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. दोघांना स्वतःची घरं आहेत, घरांत भिंतभर कपाटं आहेत, आणि गोडाऊन मात्र माझ्याकडे. दर वेळी एकच पालुपद, "पुढच्या खेपेला नेतो." त्या पुढच्या खेपेची वाट बघून बघून माझे केस पांढरे झाले.

आता खरं कारण तुम्हाला सांगते, त्या दोघांना सांगितलं नव्हतं. मी पडदे शिवते. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, शेजारपाजारचे. मशीनवर खुर्चीत बसून शिवायचं, त्याला काही नाही. पण कापड बेतायचं आणि कापायचं ते पुढच्या खोलीत जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर रांगत. आणि गुडघ्यांनी आता संप पुकारलाय. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर बसणं बंद म्हणजे बंद. मग एक तर उभ्याने कापायला मोठं टेबल हवं, नाहीतर काम सोडायचं. टेबल मावेल अशी घरात एकच खोली. सुताराला मी सांगून टाकलं होतं, सोमवारी घेऊन ये. मुलांना आधी सांगितलं असतं तर दोघं एका सुरात म्हणाली असती, "या वयात कशाला? बास की आता!" म्हणून तोंडाला कुलूप लावलं होतं.

रविवारी दोघं आली आणि दारातच माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच एकदा आरशात बघून आले. खोली उघडली. मोठीने पहिल्या खोक्यातून तिचा शाळेतला स्वेटर काढला, छातीशी धरला आणि म्हणाली, "आई, हा तू विणला होतास."

"बाई गं, तो बाजारातून आणलाय. मला विणता येत नाही."

तरी तो "ठेवायचं"च्या ढिगात गेला. धाकट्याकडे माशांची रिकामी काचेची पेटी, तारा नसलेली गिटार आणि आता बाजारातही मिळत नाहीत अशा चार्जरांचं पोतं. म्हटलं, "ही गिटार कोणाला वाजवून दाखवणारेस?" म्हणे, "आई, यात आठवणी आहेत." आठवणींवरची धूळ कोण झटकतं ते मात्र कोणी विचारत नाही!

दुपारपर्यंत "टाकायचं"च्या ढिगात एक फुटकी बादली होती, आणि ती माझी होती.

मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले तर काय, धाकटा स्टुलावर चढून माशांची पेटी माझ्या माळ्यावर सरकवतोय! आणि मोठी कुठे, तर माझ्या पलंगाखाली खोकं ढकलतेय. माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांदेखत! मी दोघांची अशी खरडपट्टी काढली की शेजारीण खिडकीत आली.

त्यावर मोठी एकदम मवाळ झाली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, खरं सांग. कसला रिपोर्ट आलाय का? लोक असंच करतात, सगळं आवरून ठेवतात, मग..." धाकटा म्हणाला, "की घर विकतेयस?"

मला हसू आवरेना. पोरांनी मला पार पोहोचवूनच टाकलं होतं. काहीतरी थाप मारावी म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाराशी टेम्पो थांबला आणि सुताराची हाक आली, "काकू, उद्या गाडी मिळत नव्हती, आजच आणलंय! कुठे लावू?"

चार पाय, दोन भल्या मोठ्या फळ्या, पट्ट्या, स्क्रू. लपवायला जागाच उरली नाही. सांगितलं एकदाचं.

"आई, या वयात?" मोठी. अगदी शब्दन् शब्द तोच.

"गुडघे गेलेत ना? मग थांबायचं," धाकटा म्हणाला. "आम्ही आहोत की बघायला."

"तुम्ही बघाल रे, मला ठाऊक आहे," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा. "पण मी दिवसभर काय बघू? सकाळी उठल्यावर मला कापड दिसतं. या खिडकीला किती झोळ, त्या दाराला किती चुण्या, हे मनात चालू असतं म्हणून मी उठते. ते बंद केलंत तर मग खरंच रिपोर्ट मागवा माझा. मला ही खोली हवी आहे. तुमच्या चार्जरांना मिळते आणि मला का नाही?"

सुतार दारात फळी धरून उभा होता, त्याचे हात भरून आले असणार. धाकट्याने आधी चार्जरांचं पोतं उचललं आणि सरळ कचऱ्यात नेऊन टाकलं. मग मोठी उठली. वर्षानुवर्षं जे ठरत नव्हतं ते तासाभरात ठरलं. धाकट्याच्या गाडीत गिटार गेली, माशांची पेटी शेजारणीने झाडं लावायला नेली, आणि बाकीचा ढीग बघून भंगारवाल्याने हातगाडीची दुसरी फेरी केली. स्वेटर मोठीने अंगावरच चढवायचा प्रयत्न केला, तो कोपरात अडकला, आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो.

खोली रिकामी झाली तेव्हा तिला दोन खिडक्या आहेत हे मलाच नव्याने कळलं.

सुताराने टेबल उभं केलं. गुळगुळीत, रुंद, दुप्पट पन्ह्याचं कापड न दुमडता पसरेल एवढं. मी पुढे झाले, हात ठेवले, तर काय! टेबल माझ्या कोपरांच्याही वर आलं होतं. कात्री धरली तर खांदे कानांना भिडत होते.

"काकू, उंची तुम्हीच सांगितलेली," सुतार म्हणाला.

सांगितली होती मीच. तरुणपणी ज्या कारखान्यात कापायला शिकले, तिथल्या टेबलाची उंची. ती मला झोपेतही पाठ होती. मी स्वतः तेवढीच राहिले नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. गावभरच्या खिडक्या मोजणारी बाई, स्वतःला मोजायची विसरली. आता दोघं म्हणणार, बघ, वय झालं. मला रडूच आलं, आणि ते लपवायला मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मागून मोठीचा आवाज आला. "टेप कुठे आहे तुझी?"

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. टेपचं टोक माझ्या टाचेखाली दाबलं, अगदी मी पडद्याचं टोक दाबते तसं. "सरळ उभी राहा."

"सरळच आहे मी."

"नाहीयेस. असू दे, अशीच राहा. कापताना चपला घालतेस?"

"घालते. फरशी गार लागते."

"मग घाल." तिने माझं कोपर काटकोनात धरलं, टेप वर घेतली, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. इतक्या वर्षांत माझं माप असं कोणी घेतलंच नव्हतं. मला कुठे बघावं तेच कळेना. तिने आकडा सांगितला, धाकट्याने चारही पायांवर पेन्सिलीने खुणा केल्या.

सुताराने करवत काढली आणि थांबला. "काकू, बोटभर जास्त उडवू का? पुढे माणूस आणखी खाली येतं. मग पुन्हा नको कटकट."

मी काही बोलायच्या आत मोठीच म्हणाली, "नाही. आत्ताच्या मापाने कापा. पुढे कमी करावं लागलं की मी येईन मोजायला."