बिड्री म्हणजे सोडा

गेली चार वर्षं मी सीमेपलीकडे, कमठाण्याकडच्या एका मराठी शाळेत अतिथी शिक्षिका आहे. अतिथी म्हणजे पुढच्या वर्षी बोलवायचं की नाही, ते तपासणीच्या साहेबांच्या शेऱ्यावर. माझ्या सासूबाई, अनसाबाई, याला नोकरीच मानत नाहीत. "सावलीत बसून बोलायचं, त्याला काम म्हनत्यात व्हय?" शाळेला लागूनच आमचं ज्वारीचं रान आहे. तिथं त्या दिवसभर मचाणावर उभ्या राहून गोफणीनं पाखरं हाकतात.

यंदा तपासणीला प्रशांतकुमार साहेब आले तेव्हा मी अंगणात वर्ग घेत होते. फळ्यावर पृथ्वी आणि तिच्याभोवती गोल फिरणारा चंद्र.

"पृथ्वीची ओढ अचानक संपली, तर चंद्र कुठे जाईल?" साहेबांनी मलाच विचारलं.

तो ज्या दिशेनं निघाला होता तसाच सरळ, असं म्हणून मी गोलाला चाटून जाणारा बाण काढला. साहेबांनी तो पुसला आणि पृथ्वीपासून थेट लांब जाणारा बाण ओढला. "टीचरच्याच कल्पना स्पष्ट नाहीत," म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. एवढा शेरा पडला की मी कायमची मचाणावर.

"मनीषा," कुंपणापलीकडून आवाज आला, "चंद्र गोफणीवानी फिरतोय का गं?"

"व्हय अत्या. दोरी म्हंजे पृथ्वीची ओढ."

अनसाबाई गोफण घेऊन अंगणात आल्या. "साहेब, धोंडा फाटकाच्या अंगाला आला की दोरी सोडते. कुटं जाईल?"

"फाटकाकडेच जाणार."

"नाही," मी म्हणाले, "डावीकडे. लिंबाकडे."

त्या कडुलिंबाला रुळाचा तुकडा टांगलाय, तीच आमची घंटा. साहेब फाटकाजवळ उभे होते. ते तिथून हलले आणि नेमके लिंबाखाली जाऊन उभे राहिले. स्वतःच्या बाणावर त्यांचा विश्वास होता, एवढं मान्य करायला हवं.

"तितनं सरका, साहेब."

"गरज नाही."

गोफण फिरू लागली. पहिल्या दोन फेऱ्या साहेब हसत होते. मग ती घूं घूं करायला लागली तसे ते घाईघाईनं कन्नडवर आले, "बिड्री, अम्मा, बिड्री." म्हणजे राहू द्या. पण आपल्या 'सोडा'सारखाच तो शब्द दोन्हीकडून चालतो, हातातलं सोडायलाही बिड्रीच म्हणतात.

अनसाबाईंनी सोडलं.

धोंडा साहेबांच्या डोक्यावरून हातभर उंच गेला आणि ठण्णकन रुळावर बसला. घंटा झाली म्हटल्यावर पोरं दप्तरं उचलून पसार. साहेब खाली बसले होते. ते उठले, केसांतली लिंबाची पानं झटकली, फळ्यावरचा आपला बाण पुसला आणि मुकाट्यानं माझा काढला. शेराही चांगला दिला.

संध्याकाळी घरी जाताना मी विचारलं, "अत्या, तुमाला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतंय. ते थांबा म्हणायलते, कळलं न्हाई का?"

"कळलं की," त्या गोफण कमरेला खोवत म्हणाल्या. "कदी म्हनतोय त्याचीच वाट बघायलते. माझ्या सुनंचा बाण पुसला त्यानं."