पांढऱ्या गाठी

त्या पत्राला आमच्या सरांनी वेळेवर उत्तर दिलंच नाही, आणि त्याचं कारण मी होते. मित्रांनो, मी माती तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेतली जुनी पितळी चाळणी आहे.

एका कारागिराने माझी कडा ठोकून गोल केली आणि तिच्यात बारीक तारेची जाळी ताणून बसवली. सर मला खिडकीशी धरून म्हणायचे, "काय जाळी आहे!" सर फार भिडस्त. स्वतःच्या आकड्यांवरही त्यांचा भरवसा नसे. त्यांच्या हाताखालच्या ताई म्हणत, "सर, तुमची सही होईपर्यंत पीक निघून जातं."

पत्र वाटाणा लावणाऱ्या एका बाईंचं होतं. लोखंडाला जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्याचं पाणी त्यांच्या वाफ्यांत उतरत होतं. "रोपं पिवळी पडतात. सोबत वाफ्यातली माती पाठवली आहे. पुन्हा पेरू का, लवकर कळवा."

सरांनी माती चाळून तपासली. जस्त भलतंच जास्त निघालं. पण पितळेतही जस्त असतं. "हे चाळणीचं तर नसेल?" ते पुटपुटले. माझ्यावर आळ? मी सुन्न झाले. नायलॉनच्या चाळणीचा मागणीअर्ज त्यांनी दोनदा लिहिला, दोनदा फाडला. मी खुंटीवर गेले, पत्र खणात.

पेरणी उलटून गेल्यावर बाईच बादलीत मुळांसकट रोपं घेऊन आल्या.

"उत्तर आलं नाही, म्हणजे सगळं ठीक असेल, असं समजून पेरलं मी."

सरांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, आकडा चाळणीमुळे चुकला."

"चाळणीनं पिवळे केले होय माझे वाटाणे?"

सरांनी मुळावरची एक गाठ पात्याने कापली. या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतात. काम चालू असेल तर गाठ आतून गुलाबी दिसते. ही पांढरीफटक होती. दुसरीही. दहावीही.

"जिवाणू मेले?" ताईंनी विचारलं.

"जस्तानं कामाचे मेले असणार. उरलेत ते झाडाचं खातात आणि परत काहीच देत नाहीत."

मित्रांनो, मी हादरले. इतकी वर्षं मुळं माझ्याच जाळीवर अडकायची आणि मी ती केराच्या टोपलीत झटकू द्यायचे. माती आम्ही तपासली, पण मुळांना बिलगून राहणाऱ्यांकडे कुणी पाहिलंच नाही.

या वेळी सरांनी मागणीअर्ज फाडला नाही. आठवड्याने नायलॉनची चाळणी आली. जस्ताचा आकडा जवळपास तोच निघाला. मी निर्दोष ठरले, पण मला आनंद झाला नाही.

तुम्हाला एवढंच सांगते, शंका आली तर पुन्हा मोजा, पण विचारणाऱ्याला ताटकळत ठेवू नका.

सरांनी बाईंना लिहिलं : "त्या वाफ्यांत आता पेरू नका. ते पाणी आधी अडवायला हवं. माझ्या सहीचे आकडे कारखान्यालाही धाडतो आहे. पेरणीआधी लिहायला हवं होतं. चूक माझी." खोडायला उचललेली लेखणी त्यांनी खाली ठेवली. मग चपला घालून ते रस्ता ओलांडून गेले. टपालपेटीच्या तोंडाशी त्यांचा हात जरा थबकलेला मला खिडकीतून दिसला. परतले तेव्हा तो हात रिकामा होता.