झुळूक रेडिओचा मोजणीदार

माझं वय विचारू नका मित्रांनो. कंप्युटरच्या जातीत मी पणजोबा लागतो. कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता नागपूरच्या उन्हानं पार चहाचा रंग आला. माझी पहिली नोकरी धंतोलीच्या एका दवाखान्यात. तिथं मी पेशंटचे नंबर दाखवायचो. एका मे महिन्यात तर असा तापलो, की सिस्टरबाईनं माझ्या डोक्यावर चार पापड भाजले आणि पाचवा करपला. खोटं वाटते? वाटू द्या. स्वतःबद्दल मी थोडं फुगवूनच सांगतो. पण आकडा मात्र मी आजवर एकदाही खोटा सांगितला नाही.

दवाखान्यात नवे, पातळ कंप्युटर आले आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. तिथून मले कृष्णकांतभाऊंनी उचललं. हे कृष्णकांतभाऊ म्हणजे सरकारी ऑफिसात तीस वर्षं कारकुनी करून रिटायर झालेले. इतवारीत भांड्याच्या दुकानावरच्या माळ्यावर त्यांनी झुळूक रेडिओ काढला. इंटरनेटवरचा, मोबाईलवर आयकायचा. खाली दुकानात परात पडली, की वर बातम्या सांगणारा दचकायचा.

तिथं माझं काम एकच. कोणी मोबाईलवर झुळूक लावला, की माझ्या पडद्यावरचा आकडा एकानं वाढायचा. बंद केला, की एकानं घटायचा. कृष्णकांतभाऊ चष्मा लावून दिवसभर तोच पाहत बसायचे. "माणूस भुलवते, आकडा भुलवत नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगायचे. सकाळी आल्याबरोबर आधी मले पुसायचे, मग देवाच्या फोटोले. मी भल्लाच फुगलो होतो.

दर गुरुवारी तीन वाजता पुष्पलताबाईंचा कार्यक्रम असायचा. बाई उमरेडच्या विणकराच्या घरातल्या. लहानपणी वडिलांच्या मागावर बसलेल्या, आता तांडापेठेत फॉल-पिको करतात. लोक फोनवर आपल्या जुन्या साडीचा काठ तोंडानं सांगायचे, आणि ह्या बाई न पाहता त्या साडीची कुंडली मांडायच्या.

"करवतीसारखे दात हायेत न काठाले? मोठे का बारीक?"

"बारीक हायेत वं."

"अन् उजवीकडे झुकते?"

"झुकते थोडे."

"मंग विणणारा डावखुरा होता."

"अगं माय! माझे सासरेच ते!"

असं चालायचं. आयकताना माझा पंखा फिरायचा विसरायचा. पण कृष्णकांतभाऊंचा एक नियम होता. सलग तीन वेळा आकडा पन्नासाले पोहोचला नाही, तर कार्यक्रम बंद, त्या जागी रेकॉर्डची गाणी. पहिल्या गुरुवारी मी सदतीस दाखवला. दुसऱ्या गुरुवारी एक्केचाळीस.

"ताई, आता एकच गुरुवार," भाऊ म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण नियम त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून भिंतीवर चिकटवला होता.

पुष्पलताबाई उठल्या. सुई-दोऱ्याची पिशवी उचलली आणि जिना उतरल्या. घरी जाऊन त्यांनी आपल्या नणंदेले सांगितलं. नणंद म्हणजे यमुताई. तांडापेठेत कोणाचं लग्न जमत नसलं, की लोक आधी यमुताईकडे जातात, मग ज्योतिषाकडे.

"पन्नास पाह्यजे का? बस? तू चूप बस," यमुताई म्हणाल्या. "मी पाहतो."

तिसरा गुरुवार आला. तीन वाजले. पुष्पलताबाईंनी माईकसमोर नमस्कार केला. मी आपला आकडा लावला. चार. सात. नऊ. आणि तिथंच थांबलो.

मित्रांनो, मी स्वतःले दोनदा तपासलं. नऊच. कृष्णकांतभाऊंनी माझ्या पाठीवर एक थाप मारली. तरी नऊच. मग त्यांनी काचेपलीकडून पुष्पलताबाईंना नऊ बोटं दाखवली. पण बाई खमक्या.

"आज मले आयकाले नऊ जण बसले हायेत म्हणते," त्या माईकवर म्हणाल्या. "ठीक हाये. पंगतीले नऊच आले म्हणून कोणी ताटं उचलते का? तुम्ही नऊ जण सांगा, तुमच्या पेटीत कोणती साडी हाये?"

तेवढ्यात फोन खणाणला.

"काय वं पुष्पे! नऊ कोन म्हनते?" यमुताईंचा आवाज असा आला, की खाली दुकानातल्या गंज-पातेल्यांनी उत्तर दिलं. "इथं माझ्या ओसरीत पाय ठेवाले जागा नाही! साऱ्या गल्लीतल्या बाया बोलावल्या. भजनाचा भोंगा आनला, त्याले माझा मोबाईल लावला. अन् तू नऊ म्हनते?"

कृष्णकांतभाऊंनी कपाळाले हात लावला. दर गुरुवारी ज्या बाया आपापल्या घरी आपापल्या मोबाईलवर आयकायच्या, त्या साऱ्या मदतीले म्हणून एकाच मोबाईलसमोर येऊन बसल्या होत्या. आणि मले तर मोबाईल दिसते, माणूस दिसत नाही.

भाऊंनी फोन हातात घेतला. "यमुताई, तुमचा जीव मोठा आहे, पण आकडा पडला न! साऱ्या जणींना घरी पाठवा. आपापल्या मोबाईलवर लावायले सांगा. लवकर!"

तिकडे चपलांचा गोंधळ उडाला. मी जागेवर बसून पाहत होतो. दहा. सतरा. तीस. बेचाळीस. सत्तेचाळीस. एकोणपन्नास! भाऊ खुर्चीतून उठले. पुष्पलताबाई बोलता बोलता काचेकडे पाहून राहिल्या होत्या. एक, मित्रांनो, फक्त एक पाहिजे होता. मी जीव तोडून वाट पाहिली.

आणि आकडा उतरला. पंचेचाळीस. तीस. अठरा. पुन्हा नऊ.

"आता काय झालं?" भाऊ फोनवर ओरडलेच.

"काय होईन? आल्या साऱ्या वापस!" यमुताई म्हणाल्या. "घरी एकटीनं काठ कोनाले दाखवाचा? इथं सिंधूताईनं माहेरचं लुगडं आनलं, भारतीनं सासूचं. एक पाहते, एक रडते, एक हासते. घरी काय भिंतीसंगं हासाचं?"

"बरं, मग किती जणी आहात, ते तरी मोजून सांगा."

यमुताई रेडिओवरच मोजू लागल्या. साऱ्या नागपुरानं आयकलं. "एक, दोन, तीन... ए, हालू नको वं, दोनदा धरली तुले... एकोनचाळीस... भारतीची पोरगी झोपली हाये, धरू का?"

"झोपलेली नका धरू."

"बरं. त्रेसष्ट झाल्या. अन् नत्थूजी दारात उभे हायेत. आत येत नाहीत, पन कान आत हायेत."

"कान धरा," भाऊ म्हणाले. चौसष्ट!

पण भाऊ शेवटी कारकून. तोंडी आकडा त्यांना चालत नाही. "पुढच्या गुरुवारी मी स्वतः येतो. डोळ्यांनी मोजतो, मग ठरवतो," असं त्यांनी सांगून टाकलं.

पुढच्या गुरुवारी ते खरंच गेले. काखेत रजिस्टर, हातात एक कापडी पिशवी. इकडे पुष्पलताबाईंनी कार्यक्रम सुरू केला. मी इमानदारीनं नऊ दाखवत होतो. अर्ध्या तासानं तांडापेठेतून फोन आला. आवाज भाऊंचा.

"ताई, एक साडी आहे. आईची. काठ करवती."

"दात सारे सारखे हायेत का भाऊ?"

"आहेत... नाही. एका ठिकाणी एक दात सुटला आहे."

"तो सुटला नाही भाऊ. सोडला. आमच्या आजीच्या घरी चाल होती. ज्या बाईले लेकरू होणार, तिच्या साडीत नजर लागू नये म्हणून एक दात मुद्दाम सोडत. तुम्हाले भाऊ-बहीण किती?"

"मी एकटाच," भाऊ म्हणाले.

"मग तो दात तुमचा."

भोंग्याजवळ साऱ्या बायांची तो दात पाहायले एकच गर्दी झाली. बांगड्यांची किणकिण तारेतून माझ्यापर्यंत आली. ती चाल खरी, का बाईंनी माझ्यासारखंच थोडं फुगवलं, मले माहीत नाही. मी नाही विचारलं.

पाच वाजता भाऊ जिना चढून आले. डोळे लाल, शर्टावर चहा सांडलेला.

"किती होत्या हो भाऊ?" पुष्पलताबाईंनी भीतभीत विचारलं.

भाऊंनी रजिस्टर उघडलं. गुरुवारचं पान कोरं.

"मोजायचंच राहिलं," ते म्हणाले. मग खिशातून पेन काढून त्यांनी त्या कोऱ्या पानावर सुबक अक्षरात लिहिलं, 'कार्यक्रम चालू ठेवावा,' आणि खाली सही केली.

मित्रांनो, माझे नऊ खोटे नव्हते. आजही कधी नऊ असतात, कधी बारा. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना जपा, धूळ पुसत जा, आम्ही इमानानं मोजून देतो. पण आमचा आकडा पाहून कोणाचं दुकान बंद करायच्या आधी एकदा जिना उतरा आणि तिकडे जाऊन बसा. आमची तार तिथंवर पोहोचते, पण ओसरीवर बसायले आम्हाले पाय नाहीत. तुम्हाले आहेत.